गेलिक भाषा जमिनीवाचून टिकेल का?

माळरान (धागा सुरू करणारी)

नोकरीनिमित्त मी काही वर्षे स्कॉटलंडमध्ये राहते. गेल्या मे महिन्यात तिथल्या पश्चिम बेटांपैकी लुईस बेटावरील एका कुटुंबाबरोबर पीट काढायला गेले होते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे दबून राहिलेल्या वनस्पतींची काळी, ओली माती. तिच्या विटा कापून, वाळवून वर्षभर चुलीत जाळतात. घरातले आजोबा ‘तरश्केर’ नावाच्या लांब दांड्याच्या अवजाराने लोणी कापावे तशा विटा कापत होते आणि त्यांची सून त्या अलगद उचलून गवतावर पसरत होती. वरच्या तंतुमय थराच्या विटेला गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत एक नाव आहे, तळाच्या काळ्या, कठीण विटेला दुसरे. ही नावे शिकायची तर पीट कापताना पडणाऱ्या खाचेत उतरावेच लागते.

गेलिकमध्ये ‘दूखस’ असा एक शब्द आहे. वंशपरंपरा, मूळ गाव आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरचा हक्क हे सारे त्या एका शब्दात येते. तिथे अनोळखी माणसाला ‘को लेश ऊ?’, म्हणजे ‘तू कुणाचा?’, असे विचारण्याची जुनी रीत आहे. आपल्या खेड्यांतला ‘कुणाचा रे तू?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्यातली आपुलकी वेगळी सांगायला नको. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी हायलँड्समधील, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातील, गावेच्या गावे उठवली, तेव्हा शेतांबरोबर ही भाषाही उठली. म्हणून माझे मत असे की, शाळा आणि दूरचित्रवाहिन्या कितीही काढल्या तरी जमीन गेलिक माणसाच्या हाती राहिल्याशिवाय गेलिक टिकणार नाही.

कडेकपारी

आपण लिहिलेले मनाला भिडले, तरी निष्कर्ष मला मान्य नाही. दूखसची कल्पना थोर असली, तरी गावे उठवणाऱ्यांत त्याच समाजाचे कुलप्रमुखही होते. ज्यांच्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या लढले, त्यांनीच जमिनीकडे खंडाच्या हिशेबाने पाहिले आणि जो हक्क लोक आपला समजत होते, त्याला कायद्याच्या दरबारात किंमत मिळाली नाही. दुसरे म्हणजे, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे एग हे छोटे बेट 1997 मध्ये तिथल्या रहिवाशांनी विकत घेतले आणि वस्तीही वाढवली. पण तिथल्या रोजच्या व्यवहाराची भाषा इंग्रजी आहे. याउलट ग्लासगो शहरात, जिथे कुणाच्या दारात कुरण नाही, 2006 पासून संपूर्ण गेलिक माध्यमाची शाळा भरते. 2011 च्या जनगणनेत 57 हजारांच्या आसपास असलेले गेलिक भाषक 2022 मध्ये सुमारे 70 हजार झाले, ते काय पीट कापून?

ओलीमाती

विषय भाषेचा आहे हे खरे, परंतु पीट जाळल्याने हजारो वर्षे साठलेला कार्बन हवेत जातो आणि स्कॉटलंडमध्ये दलदली पूर्ववत करण्याचे काम चालू आहे. जमिनीवरच्या प्रेमाची चर्चा करताना हेही विसरू नये.

माळरान

ओलीमाती यांचा मुद्दा मी मान्य करते. कडेकपारी, एगचे उदाहरण मात्र उलट बाजूने पाहावे. तिथे जमीन लोकांच्या हाती आली, तोवर गेलिक बोलणारी बहुतेक घरे केव्हाच रिकामी झाली होती. स्काय बेटावरील ब्रेज इथे 1882 मध्ये कुळांनी चराईच्या हक्कासाठी पोलिसांना तोंड दिले, चौकशी आयोग नेमला गेला आणि 1886 च्या कायद्याने लहान तुकडा कसणाऱ्या ‘क्रॉफ्टर’ला वाजवी खंड, वारसाहक्क आणि बेदखलीपासून संरक्षण मिळाले. आपल्याकडे कूळकायद्याने काय दिले, हे ज्या घरांनी अनुभवले त्यांना याचे मोल कळेल. लुईसमध्ये माणसे त्या आधाराने राहिली आणि माणसांबरोबर भाषा राहिली. शहरांत आकडा वाढत असताना त्याच पश्चिम बेटांवर गेलिक बोलणाऱ्यांचे प्रमाण 2022 मध्ये निम्म्याच्या खाली आले, याची मला अधिक काळजी वाटते.

कडेकपारी

मग स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या असिंट भागाचे काय? तिथल्या क्रॉफ्टरांना तेच 1886 चे संरक्षण होते, 1993 मध्ये त्यांनी सुमारे 21 हजार एकरांची जमीनदारी स्वतः विकत घेतली, आणि तरीही गेलिक तिथे क्वचितच कानावर पडते. 1872 च्या शिक्षण कायद्याने शाळेत गेलिकला जागाच ठेवली नाही. माझ्या मते घाव तिथे बसला. आई-वडिलांना वाटू लागले की, मुलाचे भले इंग्रजीत आहे. जमीन पायाखाली असूनही भाषा तोंडातून जाते, ती अशी. एक विचारतो, राग मानू नये. त्या दिवशी सून आपल्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलत होती?

माळरान

राग कशाला मानू? ती इंग्रजीत बोलत होती. सासऱ्यांशी गेलिक आणि वळून मुलाशी इंग्रजी, असे दिवसभर चालले होते. शाळेविषयी आपले म्हणणे म्हणूनच मला पूर्णपणे खोडता येत नाही. मात्र दुपारी तो नऊ वर्षांचा मुलगा खाचेत उतरला, वरची वीट कोणती आणि तळाची कोणती हे आजोबांना बोट लावून दाखवू लागला आणि प्रत्येकीचे नाव घेऊ लागला. दिवसभरात त्याच्या तोंडून मी ऐकलेले गेलिक शब्द तेवढेच होते.