मदत हवी आहे: दादाच्या मलेरियाच्या गोळ्या बंद करायच्या का? लवकर सांगा

खामल्याची_लेक:
माझा दादा फौजेत आहे, सध्या बाहेर पोस्टिंगवर. तिथे मलेरियाच्या गोळ्या सुरू केल्या अन् तेव्हापासून त्याची झोपच उडाली, रात्री व्हिडिओ कॉल करतो तर डोळे लाल, बोलता बोलता सारखा मागे वळून पाहतो, आई विचारते कोण आहे रे मागे तर म्हणतो कोणी नाही. आई म्हणते फेकून दे गोळ्या. सेफ असतात का या? प्लीज लवकर.

बर्डीवाला:
ताई, कोणती गोळी?

खामल्याची_लेक:
मलेरियाची. वर लिहिलं ना.

माजी_हवालदार:
बाहेर म्हणजे कुठे, आसाम की आफ्रिका? मी यूएनच्या शांतिसेनेत काँगोला होतो, आम्हाला रोजची गोळी होती, रोज घेतली, काई झालं नाही. मोबाईल ठेव म्हणा बाजूला, झोप येते.

काढाप्रेमी:
गुळवेलीचा काढा पाठवा. आमच्या घरी १२ वर्षांत मलेरिया नाही.

औषधवाली:
काढ्याने फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात घातक मलेरिया, थांबत नाही हो, आफ्रिकेत त्याने माणूस दोन-चार दिवसांत गंभीर होतो. ताई, गोळी रोज आहे का आठवड्यातून एकदा? तेवढं सांगा.

खामल्याची_लेक:
संडेला एक. साउथ सुदान, जुबा. पाकिटाचा फोटो मागवला, मेफ्लोक्विन २५० लिहिलंय. तीन झाल्या. कानात शिट्टी वाजते म्हणे.

औषधवाली:
मग आधीच सांगायचं ना बाप्पा! ही गोळी अमेरिकन फौजेच्याच वॉल्टर रीड संस्थेत शोधली, ब्रँड लॅरियम. विचित्र स्वप्नं, घाबरणं, संशय, चक्कर, कान वाजणं, हे तिचे माहीत असलेले त्रास आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, चक्कर अन् कान वाजणं कधी कधी कायमचं राहू शकतं म्हणून. ब्रिटनमध्ये संसदेच्या समितीने २०१६ ला सांगितलं, दुसरा इलाज नसेल तरच द्या, तेही सैनिकाला समोर बसवून तपासून. पण मनाने बंद करून मोकळं राहू नका, दुसरी गोळी सुरू व्हायलाच पाहिजे.

माजी_हवालदार:
लाखो लोकांनी घेतली असेल, सगळे येडे झाले का?

औषधवाली:
सगळ्यांना होतं असं कोण म्हणून राहिलं काका? ज्याला होतं त्याने पुढची घ्यायची नाही, एवढंच. रक्तातून निम्मी जायलाच दोन-तीन आठवडे लागतात.

बर्डीवाला:
कोरोनात वाटत होते तीच का ही?

औषधवाली:
ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. वेगळी.

मेयोरोड:
प्रायमाक्विन देऊन टाका ना, १४ दिवस. मला दिली होती.

औषधवाली:
ती तुम्हाला मलेरिया झाल्यावर दिली असेल. शिवाय जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या एका एन्झाइमची) टेस्ट केल्याशिवाय ती द्यायचीच नाही, ते कमी असेल तर रक्तपेशी फुटतात. ताई, दादाला आधी कधी डिप्रेशन, फिट, झोपेच्या गोळ्या?

खामल्याची_लेक:
बाबा गेले तेव्हा सहा महिने धंतोलीत डॉक्टरकडे जायचा. मनाचे. पण ते युनिटमध्ये सांगितलं नाही, मेडिकलमध्ये अडकवतील म्हणून. आईलाही माहीत नाही.

औषधवाली:
अशा माणसाला ही गोळी द्यायचीच नसते. डॉक्टरांना माहीतच नाही तर ते काय करणार. आजच्या आज सांगायला लावा, संडे यायच्या आत.

माजी_हवालदार:
पोरी, मी भलतंच बोललो. त्याला म्हण, पहिले एमओला, युनिटच्या डॉक्टरला, भेट. पोस्टिंग गेलं तर गेलं.

काढाप्रेमी:
तरी काढा चालू ठेवाच.

खामल्याची_लेक:
अपडेट. दादाने सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत म्हणे, उलट अर्धा तास बसवून घेतलं. आता रोजची डॉक्सीसायक्लिन दिली. काल चार तास झोपला. कान वाजतातच.

औषधवाली:
डॉक्सी भरपूर पाण्यासोबत, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन् उन्हात बाह्या खाली. परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. कानाचं परत परत सांगत राहा म्हणा डॉक्टरांना.

बर्डीवाला:
यूएनचा भत्ता किती असतो हो काका?