टर्फवरच्या सेव्हन-अ-साइडमध्ये हँडबॉलसाठी मोबाइलचा रिप्ले वापरावा का?

अंधेरी_पश्चिम:
नमस्कार मंडळी. अंधेरीत टर्फवर सेव्हन-अ-साइड फुटबॉल स्पर्धा भरवतोय. १२ संघ, १५-१५ मिनिटांचे दोन हाफ, सगळे सामने रात्री दिव्यांखाली. रेफ्री एकच, लाइन्समन नाहीत. भांडणं मुख्यतः हँडबॉलवरूनच (बॉल हाताला लागला, तो गुन्हा की नाही) होतात, म्हणून दोन मोबाइल लावून रिप्ले दाखवावा असं चाललंय. दोन प्रश्न आहेत.

पहिला, आजचा नियम नक्की काय? २०२४ च्या युरोत डेन्मार्कच्या अँडरसनच्या हाताला बॉल जेमतेम घासला तर पेनल्टी. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत स्पेनच्या कुकुरेयाच्या हातावर जर्मनीच्या मुसियालाचा शॉट धाडकन आदळला, तर खेळ चालू. संघांच्या कॅप्टनना काय सांगायचं?

दुसरा, मोबाइलच्या चित्रावर किती विसंबावं?

तिसरी_शिट्टी:
आधी नियम. फुटबॉलच्या १२ व्या नियमात हँडबॉलचा गुन्हा ठरायच्या तीन वाटा आहेत.

एक, मुद्दाम हात लावणं. हात बॉलकडे गेला, तर हा गुन्हा. दुसरी वाट, हातामुळे शरीर ‘अनैसर्गिकरीत्या मोठं’ होणं. इथे हेतू बघत नाहीत. त्या क्षणी तो खेळाडू जी हालचाल करत होता, तिच्यामुळे हात तिथे येणं साहजिक होतं का, एवढंच बघतात. धावताना, उडी मारताना हात अंगापासून सुटतातच; हात सुटलेला दिसला की पेनल्टी, असं नियम म्हणत नाही. तिसरी वाट फक्त गोल करणाऱ्यासाठी: त्याच्या स्वतःच्या हाताला लागून बॉल थेट गोलमध्ये गेला, किंवा हाताला लागल्यावर लगेच त्यानेच गोल केला, तर अनवधानाने लागला असला तरी गोल रद्द.

गोंधळ होतो तो जुन्या नियमांच्या आठवणीमुळे. २०१९ मध्ये नियम नव्याने लिहिला तेव्हा सोबत्याच्या हाताला चुकून लागून झालेला गोलही रद्द व्हायचा. २०२१ मध्ये ते काढलं. त्याच २०१९ च्या मजकुरात काही सवलती लिहिलेल्या होत्या: स्वतःच्याच डोक्यावरून किंवा पायावरून उडून बॉल हाताला लागला, जवळच्या खेळाडूच्या अंगावरून आला, पडताना हात टेकलेला होता, तर सहसा गुन्हा नाही. २०२१ पासून ही यादी मजकुरात नाही. ‘माझ्याच मांडीवरून उडाला, मग हँड कसा’ हा युक्तिवाद टर्फवर हमखास होतो. आज नियमात त्याला थेट आधार नाही, रेफ्री तो फक्त विचारात घेऊ शकतो. अंतराचंही तसंच. दोन मीटरवरून मारलं की माफ, असं कुठेही लिहिलेलं नाही.

हात कुठून सुरू होतो हे मात्र स्पष्ट आहे: काखेच्या तळाच्या पातळीपासून खाली. खांद्याला लागला तर हँडबॉल नाही. कॅप्टनच्या बैठकीत एका पोराला उभं करून, काखेच्या तळाच्या रेषेत दंडावर चिकटपट्टी लावून दाखवा. अर्धे वाद तिथेच मिटतील.

कूपरेजकर:
वरचं बरोबर, फक्त अँडरसन आणि कुकुरेयाचं उत्तर राहिलं.

आपल्याकडे डीआरएस बघून सवय झालीये, त्यामुळे व्हीएआरही (मैदानाबाहेर व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारा पंच) तसाच असेल असं वाटतं. तसा तो नाही. व्हीएआरमध्ये संघाला अपील करता येत नाही. व्हीएआर सगळं गुपचूप तपासत असतो आणि २०२४ च्या युरोवेळी तो चारच बाबतींत बोलू शकत होता: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दिलेलं कार्ड. तेही मैदानावरच्या निर्णयात ‘स्पष्ट आणि उघड चूक’ असेल किंवा मोठी घटना रेफ्रीच्या नजरेतून सुटली असेल तरच. अधलंमधलं प्रकरण असेल तर मूळ निर्णय टिकतो. अंपायर्स कॉलची आठवण येईल, पण तिथे स्टंपला चेंडू किती लागतोय हे मोजता येतं. इथे मोजपट्टीच नाही.

कुकुरेयाच्या वेळी (५ जुलै, स्टुटगार्ट, जादा वेळेतलं १०६ वं मिनिट) रेफ्री अँथनी टेलरने समोरून बघून नाही म्हटलं होतं. हात खाली, अंगाच्या बाजूला, मागे जाणारा. असा हात सहसा शिक्षापात्र धरू नये असं स्पर्धेआधीच सांगितलेलं असल्यामुळे व्हीएआरला ‘उघड चूक’ म्हणता आलं नाही. पुढे सप्टेंबरमध्ये युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) रेफ्री समितीनेच ती पेनल्टी द्यायला हवी होती असं म्हटलं. म्हणजे तज्ज्ञांनाही शांतपणे बसून उलटं मत देता येतं, इतकी ही रेषा पातळ आहे. माझं मत विचाराल तर पेनल्टी होती.

अँडरसनचं प्रकरण वेगळं. तिथे रेफ्री मायकेल ऑलिव्हरला स्पर्श दिसलाच नव्हता. बॉलच्या आत सेन्सर होता, सेकंदाला ५०० नोंदी करणारा. पडद्यावर स्निकोसारखी उसळी दिसली. पण सेन्सर एवढंच सांगतो की स्पर्श झाला. हात अंगापासून लांब होता आणि त्यामुळे शरीर मोठं झालं, हे ऑलिव्हरने मॉनिटरवर बघून ठरवलं. पुरावा स्पर्शाचा, निकाल हाताच्या स्थितीचा. या दोन गोष्टी तुमच्या स्पर्धेतही वेगळ्या ठेवा.

आणि हे रेफ्रीला नक्की सांगा: स्लो मोशन फक्त कुठे लागला हे बघायला. हँडबॉलचा गुन्हा झाला का, हे ठरवताना चित्र नेहमीच्या वेगाने बघायचं, हे व्हीएआरच्या कार्यपद्धतीतच आहे. हळू केलेल्या चित्रात प्रत्येक हात मुद्दाम गेल्यासारखा वाटतो, कारण खेळाडूला मिळालेला पाव सेकंद बघणाऱ्याला तीन सेकंद भासतो. २०१८ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हँडबॉलसाठी रेफ्री पिताना मॉनिटरपासून निघाला आणि पुन्हा वळून बघायला गेला, ते आठवा. दुसऱ्यांदा बघायची वेळ आली तर चूक ‘उघड’ कशी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

फ्रेम_मोजणारा:
मोबाइलबद्दल. टर्फवर जोरात मारलेला बॉल ताशी ७२ किमीने जातोय असं धरा, म्हणजे सेकंदाला २० मीटर. सेकंदाला ३० फ्रेमवर (चित्रांवर) शूट केलंत तर दोन चित्रांच्या मधे बॉल ६७ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. बॉलचा व्यास २२ सेंटिमीटर. म्हणजे तीन बॉल मावतील एवढी पोकळी, आणि स्पर्श नेमका त्या पोकळीत झालेला असू शकतो. ६० फ्रेमवर ही पोकळी ३३ सेंटिमीटर. म्हणून ६० पेक्षा कमी नको.

रात्रीचा खरा घोळ दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी फ्लडलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर मोकळं सोडलं तर चित्रात काळे पट्टे फिरतात. प्रो मोडमध्ये शटर १/१०० सेकंदावर बांधलं की पट्टे जातात, पण तेवढ्या वेळात बॉल २० सेंटिमीटर सरकतो आणि लांबुळका पांढरा ढग दिसतो. १/५०० ठेवलं तर बॉल नीट दिसतो, पट्टे परत येतात. आदल्या रात्री टर्फवर जाऊन दोन्ही करून बघा. दिव्यांचे ड्रायव्हर (त्यांना वीज पुरवणारं सर्किट) चांगले असतील तर १/५०० चालून जातं.

जाळी ही दुसरी अडचण. मोबाइल जाळीपासून हातभर लांब ठेवला की फोकस जाळीवर बसतो. लेन्स जाळीच्या चौकटीला अगदी टेकवा आणि फोकस लॉक करा. एक मोबाइल गोलच्या मागे, थोडा बाजूला, दोन-अडीच मीटर उंचीवर. दुसरा पेनल्टी बॉक्सच्या रेषेत बाजूला. एकाच कोनातून निर्णय बदलू नका. समोरून घेतलेल्या चित्रात अंगापुढे आलेला हात अंगाला चिकटलेला दिसतो, बाजूने बघितलं की मधे वीतभर जागा सापडते.

अंधेरी_पश्चिम:
भन्नाट माहिती. मग अपील ठेवायचं की रेफ्रीला वाटलं तर त्याने बघायचं? आणि कार्डाचं काय?

तिसरी_शिट्टी:
अपील ठेवा. एकट्या रेफ्रीमागे व्हीएआरची खोली नसते. फिफाने कमी कॅमेऱ्यांच्या स्पर्धांसाठी फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट आणला तो याच कारणासाठी. २०२४ मध्ये कोलंबियातल्या मुलींच्या २० वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये वापरला. प्रत्येक कोचला रिप्ले बघण्याच्या दोन मागण्या, मागणी बरोबर ठरली तर ती शिल्लक राहते, आणि चित्र रेफ्री स्वतः बघतो. तुमचा सामना ३० मिनिटांचा, तर एकच मागणी पुरे. खेळ पुन्हा सुरू झाला की हक्क संपला. बघायला एक मिनिट, त्यात ठरलं नाही तर मूळ निर्णय. रेफ्री स्क्रीन बघत असताना जवळ आला त्याला पिवळं. व्हीएआरमध्ये मॉनिटरच्या जागेत शिरणाऱ्यालाही पिवळंच असतं.

हँडबॉलची कार्डं २०२४ पासून अशी: गोलात जाणारा बॉल मुद्दाम हाताने अडवला तर पेनल्टी आणि लाल. तोच मुद्दाम नसेल आणि पेनल्टी दिली असेल तर पिवळं. साधा चांगला हल्ला अडला, हात मुद्दाम नव्हता आणि पेनल्टी दिली, तर कार्डच नाही.

कूपरेजकर:
एक लक्षात ठेवा, हे सगळं खासगी स्पर्धेपुरतं. असोसिएशनच्या मान्यतेचे सामने असतील तर मोबाइलवर बघून निर्णय बदलता येणार नाही. व्हिडिओ वापरायला परवानगी लागते. आयएसएलही (इंडियन सुपर लीग) २०२४-२५ च्या हंगामापर्यंत व्हीएआरशिवायच खेळली गेली.

फ्रेम_मोजणारा:
आणि पॉवर बँक दोन घ्या. ६० फ्रेमवर सलग शूट करत राहिलात तर बॅटरी भराभर उतरते. शिवाय मोबाइल तापला की काही मॉडेल आपणहून रेकॉर्डिंग बंद करतात. प्रत्येक हाफला नवी क्लिप सुरू करा, नाहीतर अपील आल्यावर तासाभराच्या फाइलमध्ये तो क्षण शोधण्यातच तुमचं एक मिनिट जाईल.