लेक यवतेश्वर घाटात पडली, कार्बन फ्रेमबद्दल तीन दुकानांची तीन उत्तरं. कुणाचं ऐकू?

गोडोलीचा_फिटर

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एमआयडीसीत टूलरूमला फिटर आहे, २२ वर्षं झाली. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, पितळ हातात आलं की त्याचं दुखणं मला कळतं. कार्बनचं कळत नाही, म्हणून विचारतोय.

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी लेक कासहून परत येत होती. यवतेश्वर घाट उतरताना एका वळणावर पावसानं वाहून आलेली खडी पसरली होती. हिल मॅरेथॉन जाते तोच रस्ता, तिच्या रोजच्या पायाखालचा. पुढचं चाक निसटलं, ती उजव्या अंगावर पडली आणि सायकल घसरत जाऊन कठड्याला धडकली. कोपर आणि मांडी सोलवटली, बाकी देवाच्या कृपेनं काही नाही. हेल्मेटला आतून चीर होती, ते त्याच दिवशी टाकलं.

सायकल जुनी घेतलेली आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मुलाकडून ७२,००० ला घेतली. फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) कार्बनचे, हँडलबार अ‍ॅल्युमिनियमचा, गिअर शिमानो १०५. त्या ७२,००० साठी मी वर्षभर ओव्हरटाइम केला आणि लेकीनं सकाळच्या शिकवण्या घेतल्या. नवीन फ्रेम आमच्या आवाक्यात नाही, हे आधीच सांगतो.

दिसतं ते असं. हँडल गरकन फिरून ब्रेकचा लिव्हर आडव्या दांडीवर, म्हणजे टॉप ट्यूबवर, उजव्या बाजूनं आदळलाय. तिथं रंगात साधारण २० मिमीची बारीक रेघ आहे. उजव्या सीट स्टेवर, म्हणजे सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या बारीक दांडीवर, घासल्याचे ओरखडे. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला लटकवायची पट्टी, आत वाकलाय. पुढच्या चाकाला आउट आलाय, म्हणजे ते फिरताना डोलतं.

आता दुकानं. पहिल्यानं सायकल स्टँडवरसुद्धा घेतली नाही. दारातच रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "नुसता रंग गेलाय, काही होत नाही, चालवू द्या." दुसऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. पाच मिनिटांत उत्तर आलं, फ्रेम संपली, माझ्याकडे नवीन आहे, १,१५,०००. तिसरा म्हणाला, ठेवून जा, पुट्टी भरून रंग मारून देतो, ३,५०० होतील, कुणाला कळणारसुद्धा नाही.

मला कळलं पाहिजे, ह्यालाच माझी हरकत आहे.

मी माझ्या परीनं एक मोजमाप केलं. मागच्या उजव्या ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधला, हेड ट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) वळसा घालून डाव्या ड्रॉपआउटला आणला आणि सीट ट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या नळीपासून) दोन्हीकडचं अंतर व्हर्नियरनं मोजलं. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला. म्हणजे फ्रेम सरळ आहे. पण सरळ असणं म्हणजे शाबूत असणं का, हे कार्बनच्या बाबतीत मला माहीत नाही.

फ्रेम चांगली की वाईट हे तुम्ही फोटोवरून सांगावं असं माझं म्हणणं नाही. दुकानदाराला काय विचारलं म्हणजे कळेल की ह्याला खरंच समजतंय? आमच्याकडे जॉब मोजल्याशिवाय पास होत नाही. इथं तिघांनी तीन निकाल दिले आणि मोजलं एकानंही नाही. लेक परत त्याच घाटातून ५०च्या वेगानं उतरणार आहे.

विश्रामबाग_ते_दंडोबा

दादा, मुलगी ठीक आहे हे वाचून बरं वाटलं.

मी सांगलीचा. माझा अनुभव सांगतो. मिरज रस्त्यावर कुत्रं आडवं आलं आणि पडलो. दुकानात दाखवली, "ओके" म्हणाले. चार महिन्यांनी दंडोबाच्या चढावर उभं राहून पेडल मारताना कट्-कट् आवाज यायला लागला. आधी पेडल बदलले, मग बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचं बेअरिंग) बदलला, मग सीटपोस्टला कार्बन पेस्ट लावली. आवाज तसाच. शेवटी एका मित्रानं सायकल उलटी करून ओल्या फडक्यानं पुसली, तेव्हा सीट ट्यूबच्या तळाशी अर्धा वेढा घेतलेली चीर दिसली. पडलो त्या दिवशी ती तिथं होती की नंतर वाढली, आता कोण सांगणार?

म्हणून माझं एकच सांगणं. फोर्क बाहेर काढून बघणाऱ्यावरच विश्वास ठेवा. स्टीअरर ट्यूब, म्हणजे फोर्कची वर हँडलपर्यंत जाणारी नळी, हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) आत असते, बाहेरून दिसतच नाही. पुढून कठड्याला धडकली असेल तर पहिली शंका तिथं घ्यायची. दांडी तुटली तर माणूस कदाचित सावरेल, उतारावर स्टीअरर तुटला तर सावरायला काही हातात उरत नाही.

बिल पहिल्या मालकाच्या नावावर आहे का? पडझड वॉरंटीत बसत नाही, पण काही कंपन्या अपघातानंतर मूळ मालकाला नवीन फ्रेम कमी किमतीत देतात.

गोडोलीचा_फिटर

बिल त्या मुलाच्या नावावर आहे, आम्ही दुसरे मालक. तो रस्ता बंद. फोर्कचं तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यातच नव्हतं, आणि तिघांपैकी कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं.

घाटमाथा७७

काका, पोरीच्या जिवापेक्षा फ्रेम मोठी नाही. कार्बन एकदा पडला की संपला. विषय संपला. जुनी स्टीलची घ्या, बिनघोर चालवा.

पवनचक्कीवाला

वरच्या मित्राची काळजी मला पटते, "पडला की संपला" हे मात्र नाही. मी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या पात्यांची दुरुस्ती करतो. पाती मुख्यतः काचतंतूची, तुमची फ्रेम कार्बनतंतूची, पण जात एकच. कापडाचे थर आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. वीज पडून, गारा लागून, उतरवताना आपटून पाती खराब होतात. त्यातली बरीचशी आम्ही दुरुस्त करतो आणि ती परत वर्षानुवर्षं फिरतात.

फिटरदादा, तुमचा दोरा बरोबर आहे, पण तो फक्त सरळपणा सांगतो. लोखंडाला मार बसला की पोचा पडतो, म्हणजे धातू स्वतःच कबुली देतो. कार्बन दबतो आणि परत जागेवर येतो. बाहेरून गुळगुळीत, आत मात्र थर एकमेकांपासून सुटलेले. अंगठा फिरवून ते कळत नाही आणि फोटोत तर नाहीच नाही.

आमच्याकडे पहिली तपासणी ठोकून होते. तुम्ही रुपयाचं नाणं घ्या, घरात पंखा-टीव्ही बंद करा आणि दांडीवर पाच-पाच मिलिमीटरवर हलकेच ठोकत जा. शाबूत जागी टणक, कोरडा आवाज येतो. थर सुटले असतील तिथं तो बसका होतो, मडक्याला तडा गेल्यावर होतो तसा. जोडाजवळ थर जाड असतात, तिथं आवाज आपोआप बदलतो, त्याला घाबरू नका. म्हणून तुलना करायची ती समोरासमोर. उजव्या सीट स्टेवर जिथं ठोकलंत, डाव्यावर बरोबर तिथंच ठोका. दांडीवर रेघेच्या जागी ठोकलंत तर पलीकडच्या अंगाला त्याच अंतरावर ठोका. कानानं वाईट जागा सापडते. आवाज चांगला आला म्हणून फ्रेम पास, असं मात्र धरू नका. पक्कं हवं असेल तर अल्ट्रासोनिक तपासणी लागते.

रेघ रंगातली की खालची, हे रंग काढल्याशिवाय समजणार नाही. हे काम जाणत्याकडून करून घ्या. ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यानं ओला करून, मास्क लावून. कोरडं कधीही घासायचं नाही, ती धूळ फुप्फुसाला वाईट. फक्त क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) आणि रंग उतरवायचा, काळं दिसायला लागलं की हात थांबवायचा, नाहीतर तंतूच कापले जातात. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून बघत राहायचं. सगळीकडचं उडून जातं, चीर असेल तर तिच्यात ते क्षणभर जास्त टिकतं आणि काळी ओली रेघ उठून दिसते.

आता पुट्टीवाल्याबद्दल. पुट्टी वजन पेलत नाही. ती खड्डा झाकते, आणि झाकलेला खड्डा उघड्यापेक्षा वाईट. खऱ्या दुरुस्तीत खराब भाग घासून काढतात, कडा लांबवर उतरत्या करतात आणि मूळ थरांच्या दिशेनंच नवीन कापडाचे थर चढवतात, प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा थोडा पुढे नेऊन. मग दाबाखाली आणि ठरलेल्या तापमानाला ते रेझिन पिकवतात. दुरुस्त करणाऱ्याला विचारा, किती थर घालणार, कोणत्या दिशेनं, उतार किती लांबीचा घेणार, क्युअर कसं करणार, म्हणजे रेझिन कसं पिकवणार? आणि रंग मारायच्या आधीचा फोटो मागा. जो काम करतो त्याला हे प्रश्न आवडतात, तो अर्धा तास बोलत बसेल.

फोर्क आणि हँडलबार मात्र दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. शंका आली की बदला.

कराडचा_मेकॅनिक

मी दुकानाच्या बाजूनं बोलतो, कारण पहिल्या दुकानदाराची चूक मला दिसते आणि त्याची अडचणही.

दिवसात दहाजण येतात, "जरा बघा हो" म्हणतात. त्या बघण्याचे पैसे कुणी देत नाही. फोर्क उतरवणं, हँडलची टेप सोडणं, चेन आणि क्रँक काढून बॉटम ब्रॅकेटमध्ये नजर टाकणं, सगळं साफ करून परत टॉर्कनं (ठरलेल्या जोरानं आवळून) बसवणं, ह्यात माझे दोन-अडीच तास जातात. फुकट मागितलं की फुकटातलं उत्तर मिळतं. एक तर "काही होत नाही", नाहीतर "टाकून द्या", कारण टाकून द्या म्हणणाऱ्यावर उद्या काही शेकत नाही.

तेव्हा दादा, कुठंही जा, आत शिरताच सांगा, "मला तपासणी करून हवी आहे, तपासणीचे पैसे देतो, दुरुस्ती किंवा खरेदी इथंच करीन असं नाही." दोन्ही वेगळं केलंत की बोलणं बदलतं. मग त्यानं निकाल देण्याआधी काय पाहिलं ते विचारा. "स्टीअररवर अमुक ठिकाणी ओरखडा आहे, नख अडकत नाही" असं बोलणारा माणूस वेगळा आणि "फर्स्टक्लास आहे" म्हणणारा वेगळा.

दोन गोष्टी तुम्हाला न विचारताच दिसतील. कार्बनची सायकल स्टँडला लावताना तो सीटपोस्टला पकडतो की आडव्या दांडीला? दांडी चिमट्यात धरली तर तिथूनच परत फिरा, तिची भिंत इतकी पातळ असते की चांगली फ्रेमही चिरडेल. दुसरं, टॉर्क रेंच आहे का आणि तो हाताशी आहे की कपाटात? स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटरला असतात, आकडा स्टेमवरच छापलेला असतो. हाताच्या अंदाजानं आवळणाऱ्याला कार्बन देऊ नये.

तुमचा हँडलबार अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी लिव्हर आदळण्याइतका फिरलाय, टेप काढून क्लॅम्पजवळ बघितलाच पाहिजे. मी तर बदला म्हणेन. घेऊन या, बघू.

गोडोलीचा_फिटर

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय, कारण काहीतरी हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

नाण्याची तपासणी रात्री अकराला केली. गल्ली शांत झाल्यावर लेकीनं सायकल धरली, मी ठोकत गेलो. सीट स्टे दोन्हीकडे सारखा वाजला. दांडीवर रेघेच्या जागी आवाज बसला, आणि नुसत्या रेघेपुरता नाही, मागं सीटच्या दिशेनं ३० मिमीपर्यंत. लेकीलाही ऐकू आला. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. पडल्यानंतर पहिल्या दुकानाच्या भरवशावर तिनं त्याच सायकलवर दोनदा मेढ्यापर्यंत जाऊन यायचं केलं होतं.

रविवारी कराडला गेलो. मेकॅनिकदादांनी सायकल सीटपोस्टला धरली, हे मी आधी बघून घेतलं. तपासणीचे ८०० ठरले. फोर्क काढला, स्टीअरर पुसून खिडकीच्या उजेडात धरला, क्राउनपाशी (फोर्कचे दोन पाय जुळतात तिथं) नख फिरवून दाखवलं, मला फिरवायला लावलं. नाणंही वाजवलं. फोर्कला काही सापडलं नाही. तरी पुढून ठोकर बसलेली म्हणून त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मला काही दिसलं नाही, एवढंच मी सांगू शकतो. परवडत असेल तर बदला." असं उत्तर मला आवडलं. त्यांना जेवढं दिसलं तेवढंच ते बोलले. फोर्क बदलतोय, ओव्हरटाइम आणखी दोन महिने.

हँडलबारला टेपखाली क्लॅम्पच्या कडेला खोल घाव निघाला. तो गेला भंगारात.

दांडीवरचा रंग ओल्या पेपरनं माझ्यासमोर उतरवला. पुसल्यावर १८ मिमीची ओली रेघ राहिली. फोर्क काढल्यावर ह्या फ्रेमला हेड ट्यूबमधून दांडीत वाट होती, सगळ्यांना असते असं नाही. तिथून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत घातला. आतल्या बाजूला पांढरट पट्टा दिसला, रेघेपेक्षा लांब. तो मी नुसता बघतच राहिलो. दारात अंगठा फिरवून "नुसता रंग" म्हटलेली जागा ती हीच.

घाटमाथादादा, तुमचं बोलणं मला लागलं नाही, तुम्ही लेकीच्याच काळजीनं बोललात. पण पुण्यातल्या दोन कार्बन दुरुस्तीवाल्यांना पवनचक्कीदादांचे प्रश्न विचारले. एक म्हणाला, "तुम्हाला त्याचं काय करायचंय, गॅरंटी देतो ना." दुसऱ्यानं कागदावर थरांचं चित्र काढून पाठवलं, कोणता थर कुठल्या कोनात, प्रत्येक किती मिलिमीटर पुढे, आणि उलट मलाच विचारलं की लेकीचं वजन किती, ट्रेनरवर (घरात जागेवर सायकल चालवायच्या स्टँडवर) चालवते का. रंगाआधीचे फोटो त्यानं आपणहून कबूल केले. ९,५०० सांगितले. फ्रेम काल त्याच्याकडे पोचवली. परत आली की ठोकून बघणार, आणि अल्ट्रासोनिक करून मिळेल का तेही विचारलंय.

तोवर लेक माझ्या जुन्या लोखंडी सायकलवर संगम माहुलीपर्यंत जाऊन येते. घाट बंद, हे तिनंच ठरवलं.

आता एक काम. वाकलेला हँगर कराडच्या दादांनी सरळ करून बघितला, पण मुळाशी चीर दिसली. अ‍ॅल्युमिनियमचा आहे, दोन बोल्टचा, बोल्टच्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर १२ मिमी, जाडी ७. कंपनीचा नंबर घासून गेलाय. सातारा, कराड, सांगली, कुठंही कुणाच्या खोक्यात असा पडला असेल तर कळवा. नाहीच मिळाला तर मिलिंगवर घरचाच करीन, पण डिरेलरच्या भोकाचे आटे M10 बाय १ चे (१० मिमी व्यास, १ मिमी पिच) आहेत का, हे कुणी मोजून खात्री केली असेल तर आधी सांगा.