लग्नाची भांडी देणारा डोह : हावेच्या गोष्टी आणि आपापल्या गावचे अनुभव

ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वेगवेगळ्या गावांच्या नावाने ऐकली असेल. घरात कार्य निघालं की यजमानाने आदल्या संध्याकाळी डोहाच्या काठी जायचं, हळदकुंकू वाहायचं आणि किती पातेली, किती पराती लागतील ते सांगून यायचं. सकाळी भांडी काठावर मांडलेली असत. कार्य उरकलं की घासूनपुसून ती परत पाण्यात सोडायची. मग एकाने एक तांब्या ठेवून घेतला आणि त्या दिवसापासून डोहाने भांडी देणं बंद केलं. सह्याद्रीतल्या कितीतरी गडांवरच्या टाक्यांबद्दल, तळ्यांबद्दल हीच कथा सांगतात.

सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबडीच्या गोष्टीत हावऱ्याचं नुकसान हावऱ्यालाच सोसावं लागतं. डोहाच्या गोष्टीत तसं होत नाही. तांब्या लपवणाऱ्याचं पुढे काय झालं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. भांडी बंद झाली ती सगळ्या गावाची. ज्या मुलींची लग्नं अजून व्हायची होती, त्यांचीही. मला ही गोष्ट जास्त खरी वाटते, कारण आजूबाजूला पाहिलं तर डोंगर, नद्या, देवराया यांच्या बाबतीत हेच घडताना दिसतं.

म्हणून हा धागा. हाव आणि निसर्ग यांची तुम्ही ऐकलेली, वाचलेली, पोरांना सांगितलेली गोष्ट लिहा, आणि तिच्या शेजारी डोळ्यांनी पाहिलेलं काही असेल तर तेही. व्यक्तींची किंवा कंपन्यांची नावं नकोत.

राजापूरकर

आमच्या देवरहाटीतलं, म्हणजे देवाच्या राईतलं, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही, असा नेम होता. एकाने रात्रीचं आतलं ऐनाचं झाड तोडून घराला वासा घातला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या वाशावरून नाग उतरला, ही गोष्ट आम्हाला बजावून सांगत. राईत शिरताना चपला बाहेर. आत किंजळ, बेहडे, सातवीण, आणि माणसाच्या मांडीएवढा गारंबीचा वेल. मधोमध पाषाण, त्यावर लहानसं कौलारू छप्पर. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात राज्यातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अशा राया गावोगाव उभ्या होत्या.

काही वर्षांपूर्वी देऊळ मोठं करायचं ठरलं. वर्गणी मुंबईहून आली. आराखड्यात सभामंडप आला, गाड्या लावायला मोकळी जागा आली, आणि पैसे कमी पडायला लागले तेव्हा मोठी झाडं विकायची कल्पना निघाली. देवाला विचारल्याशिवाय झाडाला हात लावत नाहीत, म्हणून कौल लावला. गुरवाने पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. डावी पाकळी पडली, म्हणजे नाही. पुन्हा लावला, पुन्हा डावी. मग गाऱ्हाणंच बदललं. झाडं तुझ्याच देवळासाठी जातायत बापा, एकाच्या जागी पाच लावू, असं घातलं. उजवी पाकळी पडली. मी तिथे उभा होतो. ती पाकळी पडताच मानकऱ्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांनाही भीती होतीच.

ऐन थंडीत झाडं पाडली. एका बेहड्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेराचं, म्हणजे धनेश पक्ष्याचं, घरटं असे. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. त्यासाठी ढोली मोठी लागते, आणि तेवढी ढोली जुन्या झाडालाच असते. जोडी नेहमीच्या वेळेला आली, शेजारच्या सातविणीवर बसली, रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालून परत गेली. असं बरेच दिवस चाललं.

नाग कुणाच्याही घरात उतरला नाही. पण राईच्या पायथ्याशी जो पऱ्या (ओढा) एप्रिलअखेरपर्यंत वाहायचा, तो आता शिमग्यालाच आटतो. त्या पाण्यावर खालची वाडी जगायची. त्या वाडीत एकही मानकरी नाही. बैठकीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

यवतमाळची शिक्षिका

मी मुलांना जातकातली व्यापाऱ्यांची गोष्ट सांगते. वाट चुकलेल्या व्यापाऱ्यांना एक मोठा वड सापडतो. पूर्वेची फांदी तोडली तर पाणी निघतं, दक्षिणेची तोडली तर अन्न, पुढे आणखी सुखं, शेवटी धन. मग त्यांना वाटतं, फांद्यांत एवढं आहे तर मुळात किती असेल! म्होरक्या नको म्हणतो, पण ते मुळावर कुऱ्हाड घालतात आणि वडात राहणारा नागराजा त्यांचा नाश करतो.

व्यापारी नेमके कुठे चुकले, असं विचारलं की बहुतेक मुलं मुळाकडे बोट दाखवतात. आमच्या शाळेतली काही मुलं मोह वेचणाऱ्या घरांतली आहेत. त्यांनी विषय वेगळाच नेला. मोहाची फुलं पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून काही जण झाडाखाली आग लावतात, ती पसरते आणि रान जळतं. एक मुलगी म्हणाली, आमची आजी खराट्याने झाडते, त्याला सकाळचा अर्धा तास जास्त लागतो. वर्गात बराच वेळ त्या अर्ध्या तासावरच बोलणं चाललं. मला वर्गातला तो तास फार मोलाचा वाटला.

गोदाकाठचा

तुमच्या डोहात भांडी होती, आमच्यात साती आसरा, पाण्यातल्या सात देवता. गावाच्या वरच्या अंगाला गोदावरीचा खोल डोह होता. पोरांनी तिथे पोहायचं नाही, जाळं टाकायचं नाही, दुपारी बाराला तर फिरकायचंच नाही. काठावर शेंदूर लावलेले सात दगड. आमची आजी सांगायची, एका कोळ्याने हट्टाने जाळं टाकलं, ते मासळीने भरलं, आणि ओढता ओढता तोच आत गेला. आता कळतं की उन्हाळ्यात नदीभर पाणी आटायचं तेव्हा सगळी मासळी त्या डोहात जीव धरून राहायची, आणि पहिल्या पुराबरोबर पुन्हा पसरायची. आसरांच्या भीतीने नदीचं बियाणं जपलं जात होतं.

डोहाखाली वाळूचं मोठं पात्र होतं. उन्हाळ्यात हाताने हातभर उकरलं की झिरा लागायचा. बायका वाटीने पाणी भरायच्या, गाळून घ्यायचीही गरज नसे. भोई समाजातली माणसं पात्रात वाडी करायची, टरबूज, खरबूज, काकडी. वाळूवर सुरय पक्षी अंडी घालायचा, ती इतकी वाळूच्या रंगाची की पाय पडेपर्यंत दिसत नसत.

मग वाळूचा उपसा सुरू झाला. आधी ट्रॅक्टर, मग पाण्याखालची वाळू ओढणारी केनी, मग रात्रभर हायवा टिपर. गावातल्या पोरांना एका रात्रीचे इतके पैसे मिळायचे की शेतावर जायला कुणी तयार होईना. वाळू म्हणजे नदीने साठवलेलं पाणीच असतं. ती गेली आणि काठच्या विहिरींची पातळी खाली गेली. झिरे संपले, वाड्या संपल्या. पात्रात पुरुष-दोन पुरुष खड्डे राहिले आणि पूर आला की ते वरून दिसत नाहीत. अशाच एका खड्ड्यात शेजारच्या गावातलं पोर बुडालं. त्याच्या घरात कुणी कधी वाळूला हात लावलेला नव्हता. बाप सालगडी होता.

सात दगड अजून आहेत. त्यांच्यासमोर डोह नाही, डबरं आहे.

डिचोलीची

आमच्या गोव्यात सातेरी देवीला वारुळाच्या रूपात पुजतात, रोंय म्हणतात त्याला. गाभाऱ्यात वारूळ वाढत राहतं आणि लोक त्या मातीसमोर डोकं टेकतात. लहानपणी ऐकलेली गोष्ट एवढीच, की रोंय खणली तर घरातलं धान्य टिकत नाही. त्याच गावांच्या मागचे डोंगर खनिजासाठी पायऱ्यापायऱ्यांनी कापले गेले.

पोर्तुगीज काळात खाणींच्या सवलती वाटल्या गेल्या होत्या, पण खरी घाई झाली २००० नंतर, चीनची मागणी वाढल्यावर. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. त्या वर्षांत आमच्या रस्त्याला टिपरांची रांग तुटत नसे. झाडांची पानं, वाळत घातलेले कपडे, मुलांचे गणवेश, सगळ्यांवर तांबडी धूळ. पावसात टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवरून गाळ उतरायचा आणि शेतात बसायचा. वाळल्यावर त्याचा असा कडक थर व्हायचा की नांगर लागत नसे. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की पाणी पंपाने बाहेर फेकायचे, आणि वरच्या वाड्यांत टँकर यायचा.

इथे हाव कुणाची हे सांगणं सोपं नाही. भाताला काय मिळत होतं? लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, कारण शेत गाळाने गेलंच होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१४ साली वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली. डोंगर विकून ज्यांनी खरे पैसे केले, ते तोवर करून मोकळे झाले होते. दारात उभ्या ट्रकचे हप्ते मात्र आमच्या शेजाऱ्यांच्या डोक्यावर राहिले.

महाडकर

एक चांगली नोंद. काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचे म्हणून तिथले मासे कुणी मारत नाही. महासीर जातीचे मोठे मासे चुरमुरे टाकले की पायाशी येतात. कोंडाच्या बाहेर मासेमारी चालते, त्याला कुणाची हरकत नाही. इथली गोष्ट अजून लोकांनी मोडलेली नाही.

पोथीवाचक

महाभारतातलं खांडववन कसं विसरता? श्वेतकी राजाने वर्षानुवर्षं यज्ञ केले, इतकं तूप ओतलं की अग्नीला अपचन झालं. त्यावर उतारा म्हणून अग्नीला अख्खं वन हवं झालं, प्राण्यांसकट. म्हणजे ओतण्याचा अतिरेक राजाने केला आणि जळलं रान. कृष्ण आणि अर्जुन बाहेर पडणाऱ्या जिवांना परत आत लोटत होते. आमच्या घरी ही कथा पराक्रमाची म्हणून वाचली जायची. मला मात्र लहानपणापासून त्यातली जरिता पक्षीण आठवते. तिची चार पिल्लं, पंख न फुटलेली. ती म्हणते, या उंदराच्या बिळात शिरा, मी वरून माती लोटते. पिल्लं म्हणतात, बिळात उंदीर खाईल, त्यापेक्षा आग बरी. आई, तू उडून जा, तुला पुन्हा पिल्लं होतील.

ती पिल्लं वाचतात, तक्षकाचा मुलगा अश्वसेन वाचतो, मय दानव वाचतो. बाकी सगळं संपतं. पुढचं पाहा. मय उपकार फेडायला सभा बांधतो, त्याच सभेत दुर्योधनाची फजिती होते आणि गोष्ट द्यूताकडे वळते. तक्षक त्या वेळी वनात नव्हता. अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला, तो दंश करतो. परीक्षिताचा मुलगा जनमेजय सूड म्हणून सर्पसत्र मांडतो, तिथे पुन्हा आग, पुन्हा आत पडणारे जीव, आणि आस्तिक ऋषी ते थांबवतो. व्यासांची कथा वैशंपायन सांगतो तो याच सत्रात. एवढ्या पिढ्यांचा हिशेब दुसऱ्या कुठल्या गोष्टीने मांडलेला मी तरी वाचलेला नाही.

लातूरकर

आमच्याकडे श्रावणी सोमवारी खुलभर दुधाची कहाणी वाचतात. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा होता. दवंडी पिटली, घरातलं सगळं दूध देवळात आणा. भीतीने लोकांनी वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीने आधी वासरं पाजली, लेकरांना दिलं आणि उरलेलं खुलभर दूध वाहिलं, तेव्हा भरला.

आमचा गाभारा म्हणजे ऊस. गावातलं सगळं पाणी त्यात ओतलं. विहिरी संपल्यावर बोअर आले. पाणाड्या नारळ तळहातावर धरून फिरायचा, नारळ उभा राहिला की तिथे खूण, रात्री तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी हजर. २०० फुटांवर पाणी लागायचं ते ४०० वर गेलं, मग ७०० वर. रिग चालू असताना पाईपातून नुसता पांढरा फुफाटा निघायला लागला की मालक खाली बसायचा. शेजारच्याने आपल्यापेक्षा खोल घेतला तर आपला आटणार, म्हणून प्रत्येकाला आणखी खोल जायची घाई. यात वाईट माणूस कोणीच नव्हता, सगळे घाबरलेले होते, कहाणीतल्या दूध नेऊन देणाऱ्यांसारखे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. शहरात रांगा लागल्या त्या घागरी घेतलेल्या लोकांच्या. त्यांच्यातल्या कितींच्या नावावर टिपरूभर तरी ऊस होता?

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअर बंद केले, ऊस बंद केला, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं आणि जनावरं, मग पिकं. म्हातारीचाच क्रम आहे हा. पुढच्या ग्रामसभेत आम्ही काही जण पाण्याच्या ताळेबंदाचा आणि नव्या बोअरवर बंदीचा विषय ठेवणार आहोत. विरोध होणार हे ठाऊक आहे. तुमच्या कुणाच्या गावाने असा ठराव केला असेल, तर त्याचा मसुदा आणि विरोध करणाऱ्यांना काय उत्तर दिलंत ते कृपया इथे लिहा.