नव्या वसाहतीला ५५ अंशांचं पाणी पुरेल का?

प्रश्न: ३०० घरांसाठी सामायिक उष्णताजाळं आखतोय, म्हणजे एकाच ठिकाणी तापवलेलं पाणी नळ्यांनी घरोघरी फिरून परत येईल. पुरवठा ५५, परतीचं पाणी ३० अंश धरलंय. फरशीखालच्या नळ्यांनी खोल्या सहज उबदार होतील. गाडी अडते ती आंघोळीच्या पाण्यापाशी. लीजनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूची धास्ती वाटते.

उत्तर १: तो जिवाणू २० ते ४५ अंशांत फोफावतो. गरम पाण्याची टाकी ठेवूच नका. घरोघरी प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांतून जाळ्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणारं यंत्र) लावा, नळ सोडला की पाणी तापेल.

उत्तर २: मला तरी पुरवठ्यापेक्षा परतीच्या पाण्यानेच छळलंय! ते ४० अंशांवर आलं, तर तेवढ्याच उष्णतेसाठी प्रवाह दीडपटीहून जास्त लागतो. एखादा बायपास व्हॉल्व्ह (गरम पाणी न वापरताच परतीच्या नळीत सोडणारी झडप) उघडा राहिला, एवढंच कारण होतं. शोधायला मात्र महिना गेला.

प्रश्नकर्ता: मग परतीचं तापमान प्रत्येक घराच्या मीटरवरच नोंदवतो.