हॅवलॉकला 26 जानेवारीला वाढदिवस: हॉस्टेलवरच्या नव्या ओळखींबरोबर कसा करावा?

विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी. जानेवारीत एक सॅक पाठीवर टाकून एकटीच अंदमानला निघतेय. 24 ते 27 मुक्काम हॅवलॉकला, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, तोही हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये. 26 ला माझा वाढदिवस. 28 ला सकाळी पोर्ट ब्लेअरहून परतीचं विमान. डॉर्ममध्ये ओळखी होतातच, तेव्हा आठ-दहा जण धरून चाला, त्यात परदेशीही असतील.

डोक्यात असं आहे की संध्याकाळी सातला राधानगर बीचवर केक कापायचा, थोडे फुगे, थोडी गाणी. शिवाय सांगलीहून खायला काय न्यावं, खर्च कुणी करायचा असतो, आणि आईचा हट्ट आहे की "कुणाकडून तरी औक्षण करून घे", त्याचं काय करू? जाणकारांनी सांगा.

---

यवतेश्वर

आधी ते सात वाजताचं खोडा. घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य तिकडे तासाभराहून जास्त आधी मावळतो. जानेवारीच्या शेवटी सांगलीत साधारण सहा-वीसला सूर्यास्त, हॅवलॉकला सव्वापाचच्या पुढेमागे. सातला तिथे मिट्ट काळोख. राधानगर पश्चिमेला असल्यामुळे सूर्यास्त बघायला सगळं बेट तिथेच लोटतं, आणि अंधार पडायच्या आत शिट्ट्या मारून लोकांना बाहेर काढतात. ती नुसती शिस्त म्हणून नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा धोका खरा आहे. 2010 साली राधानगरजवळच्या नील्स कोव्हला स्नॉर्केलिंग करणारी एक पर्यटक मगरीच्या हल्ल्यात दगावली होती. त्यामुळे अंधारात पाण्याकाठी बसायचा बेत कुणी कितीही आग्रहाने मांडला तरी नको.

किनाराच हवा असेल तर सकाळ धरा. काला पत्थर बीच पूर्वेला आहे, सूर्योदय पावणेसहाच्या आसपास. सव्वापाचला हॉस्टेलवरून निघालात तर निवांत पोचता. रिक्षा आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, पहाटे रस्त्यावर उभं राहून मिळत नाही. त्या वेळेला वारा कमी, गर्दी नाही, आणि संध्याकाळी पाय फोडून काढणाऱ्या वाळूमाश्यांचा त्रासही त्या मानाने कमी. तरी लांब पँट घाला, आणि वाळूवर थेट बसू नका, चादर टाका. विजयनगरला, म्हणजे पाच नंबरला (तिथे गावं-किनारे नंबरांनी ओळखतात), पोहायचं असेल तर भरतीची वेळ बघूनच जा. ओहोटीला तिथे बरंच लांबपर्यंत खडक उघडे पडतात, गुडघाभर पाण्यात नुसते पाय सोलून घ्याल.

संध्याकाळचा कार्यक्रम हॉस्टेलच्या अंगणात, साडेसहा ते साडेनऊ. दहानंतर डॉर्ममध्ये लोक झोपतात, सकाळच्या डायव्हिंगवाल्यांना लवकर उठायचं असतं. "बारा वाजता केक" हा आपल्याकडचा नाद तिथे कुणाला आवडत नाही.

फुग्यांबद्दल: फुग्याच्या प्लॅस्टिक काड्या, सजावटीचं थर्माकोल, प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, ग्लास या सगळ्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा समुद्रात गेला की कासव तो गिळतं, हे बेटावर कुणीही तुम्हाला तोंडावर सुनावेल. सजावट पाहिजेच तर जुन्या साडीच्या काठाची माळ न्या. वजन नाही, परत आणता येते.

---

बेदाणा

खाण्याचं मी घेतो. सांगलीहून तीन गोष्टी: भडंग, बेदाणा, शेंगदाण्याची चटणी. पण भडंगाचं एक तंत्र आहे. समुद्राची दमट हवा लागली की तासाभरात चुरमुरा चामट होतो. म्हणून किलोची एक पिशवी नेऊ नका, दोनशे ग्रॅमच्या पाच घ्या आणि एका वेळी एकच फोडा. मऊ पडलाच तर कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहायचं, तेल अजिबात नाही. आधी त्यातला लसूण आणि कढीपत्ता वेचून बाजूला काढा, तो आधीच तळलेला असल्याने लगेच करपतो आणि सगळं कडू होतं. कांदा-टोमॅटो हातात द्यायच्या क्षणी घाला, लिंबू सगळ्यात शेवटी.

दुसरं, आणि हे गमतीत घेऊ नका: भडंगात आणि चटणीत शेंगदाणे आहेत. परदेशी लोकांत शेंगदाण्याची जिवावर बेतणारी अॅलर्जी असणारे भेटतात. बशी पुढे करण्याआधी "यात शेंगदाणे आहेत" हे मोठ्याने सांगा, आणि ज्या चमच्याने भडंग वाढला तो दुसऱ्या पदार्थात घालू नका. हॅवलॉकला फक्त आरोग्य केंद्र आहे. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, मध्ये समुद्र, आणि रात्री बोट नाही.

बेदाणा बिनधास्त न्या. ना गळतो, ना वितळतो.

विमानात चालत नाही असं: लायटर, काडेपेटी, फुलबाज्या, पार्टी पॉपर, फेसाचा स्प्रे. सामानातही नाही, हातातही नाही. अख्खं सुकं खोबरंही काढून ठेवतात, त्यात तेल असतं म्हणून. केकची सुरी चेक-इनमध्ये टाका, पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच.

---

यवतेश्वर

बेदाणे आणि भडंग ठीक, पण वाढदिवसाला गोड म्हणून साताऱ्याचे कंदी पेढे सोडून दुसरं काय न्यायचं म्हणता? खवा चांगला भाजलेला असतो, पाणी कमी, म्हणून मऊ पेढ्यापेक्षा जास्त टिकतात. अर्धा किलो दहा जणांना पुरे. फक्त गरम असताना डबा बंद करू नका, आत वाफ धरते आणि दोन दिवसांत बुरशी येते. पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर. हॉस्टेलवर मुंग्या येणारच, तेव्हा डबा पाणी भरलेल्या ताटलीत उभा ठेवा.

---

विश्रामबाग_सांगली

पेढे घेते, भांडू नका! केकचं मात्र अजून कळेना. क्रीमचा केक तिथे मिळेल का? की नेऊ? की आपणच काही करावं?

---

कृष्णामाई_घाट

नेऊ नका. ताजं क्रीम तिशीच्या पुढच्या तापमानात उभं राहत नाही, आणि बोटीत, रिक्षात फ्रिज नाही. तिथे ऑर्डर द्यायची तर किमान एक दिवस आधी सांगा, बिनअंड्याचा हवा असेल तर दोनदा सांगा, आणि क्रीमशिवायचा साधा केक मागा. 26 ला सुट्टी आहे हे धरून 24 लाच बोला.

माझं मत विचाराल तर शिऱ्याचा केक करा. सत्यनारायणाच्या प्रसादाचाच, पण जरा घट्ट. डॉर्ममधल्या कुणी कधी खाल्लेला नसतो, अंडं नाही, मैदा नाही, आणि सुरीने कापता येतो. दहा जणांसाठी: रवा अडीच वाट्या, तूप दोन वाट्या, साखर दोन वाट्या, पाणी पाच वाट्या, दूध पावडर आठ-नऊ मोठे चमचे, पिकलेली केळी दोन, वेलदोडा, मूठभर बेदाणे. बेटावर ताज्या दुधाच्या मागे लागू नका, पावडर कोमट पाण्यात गुठळ्या न होता कालवून घ्या आणि मग उकळा. हे सगळं सामान तीन नंबरच्या बाजारात मिळतं, वेलदोडा तेवढा घरून पुडीत न्या.

तूप तापवून रवा मंद आचेवर पंधरा मिनिटं. खमंग वास सुटला आणि तूप कडेला दिसू लागलं की केळीच्या चकत्या घालून दोन मिनिटं परता. मग उकळतं दूध एकदम ओता, लांब उभं राहून, फार उडतं. झाकण ठेवून पाच मिनिटं. रवा पूर्ण फुलल्यावरच साखर. इथेच बहुतेकांचा शिरा बिघडतो: साखर आधी पडली तर पाणी ती ओढून घेते, रवा आतून कच्चा राहतो आणि दाताखाली कचकचतो. साखर घातल्यावर मिश्रण पुन्हा सैल होईल, घाबरू नका, कडा सोडेपर्यंत हलवा.

आता साचा. खोल वाडग्याला आतून तुपाचा हात लावा, तळाशी बेदाण्यांची नक्षी मांडा, गरम शिरा घालून उलथन्याच्या पाठीने घट्ट दाबा. हवेची पोकळी राहिली तर कापताना तिथेच ढासळतो. वीस मिनिटं थांबा. वाडगा हाताला कोमट लागला की ताट वर ठेवून एका दमात उलटा करा आणि तळावर दोन थापट्या मारा. गरमच उलटला तर पसरतो. पार गार झाला तर भांड्याला धरतो, तेव्हा वाडगं मिनिटभर गरम पाण्यात बुडवायचं. कुणी व्हीगन निघालं तर त्याच्यापुरतं तुपाऐवजी खोबरेल आणि दुधाऐवजी नारळाचं दूध.

सगळ्याच हॉस्टेलांत पाहुण्यांना स्वयंपाकघर वापरू देत नाहीत, हे आधी फोनवर विचारा. नसेल तर जवळच्या बंगाली खानावळीत बोला. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं पन्नासच्या दशकात हॅवलॉकला वसवली गेली, बेटावर बंगालीच जास्त ऐकू येते, हिंदी सगळ्यांना समजते. बंगाल्यांच्या वाढदिवसाला पायेश लागतोच, तांदळाची दाट खीर. "जन्मदिन है, पायेश चाहिए" एवढं आदल्या दिवशी सांगितलं की पुरे. हिवाळ्यात खजुराचा गूळ घालून करतात का ते जरूर विचारा.

---

माहुली_संगम

औक्षणाचं: फुलवाती घरीच तुपात भिजवून घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, चेक-इनमध्ये. निरांजन नको, स्टीलची वाटी चालते. हळद-कुंकू, अक्षता, सुपारी पुडीत. अंगठी बोटातलीच. काडेपेटी तिथे घ्या. हे खोलीत किंवा ओसरीवर करा, किनाऱ्यावर वाऱ्याने ज्योत टिकत नाही. करणारीला आधी दाखवून ठेवा: कुंकू, अक्षता, मग अंगठी-सुपारी ओवाळायची, शेवटी ताम्हन. आणि सगळ्यांना एक बजावून ठेवा की हा दिवा फुंकायचा नाही. वाढदिवस म्हटलं की परदेशी पाहुणा दिवा दिसताच गाल फुगवून पुढे येणार.

जर्मन कुणी असेल तर 25 ला शुभेच्छा मागू नका, वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं त्यांच्यात अपशकुनी मानतात. तोंडाला केक फासणं, लाथा घालणं हे आपल्या टोळक्यातलं आपल्या टोळक्यात, दोन दिवसांच्या ओळखीत नको. फोटो स्टेटसला टाकण्याआधी विचारा.

पैशांचं: आपल्याकडे ज्याचा वाढदिवस तो पार्टी देतो. जर्मन आणि डच लोकांतही केक वाढदिवसवालाच आणतो. इंग्लंड-अमेरिकेकडचे मात्र उलट तुमचे पैसे भरायला निघतात. म्हणून आमंत्रण देतानाच फोड करून सांगा: गोड आणि खाऊ माझ्याकडून, जेवण ज्याचं त्याने. बिल आल्यावर हा विषय काढला की सगळेच अवघडतात. रोख जवळ ठेवा. 2020 साली चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तरी नेटवर्क रुसतं, आणि तेव्हा यूपीआय चालत नाही.

---

यवतेश्वर

दोन गोष्टी राहिल्या. 26 जानेवारी म्हणजे ड्राय डे. ज्यांना बिअर हवी ते 25 लाच आणून ठेवतील, पण उघड्यावर, किनाऱ्यावर पिणं इतर दिवशीही चालत नाही.

दुसरी, स्कूबाची. वाढदिवसाची भेट म्हणून बहुतेक जण तेच सुचवतील. 26 ला सकाळी सूर्योदयानंतर केलंत तर हरकत नाही. डाइव्हनंतर विमानाआधी किमान 18 तास मोकळे हवेत. रक्तात विरघळलेला नायट्रोजन केबिनच्या कमी दाबात बुडबुडे धरतो. 28 च्या सकाळचं विमान असल्याने 27 ला दुपारी डाइव्ह बसत नाही. सर्दी असेल तर पाण्यात उतरूच नका, कान मोकळे होत नाहीत आणि पडदा दुखावतो. शिंपले-प्रवाळ आठवण म्हणून उचलू नका, विमानतळावर तपासणीत काढून घेतात आणि वर प्रवाळावर वन्यजीव कायदा लागू होतो.

27 ची पोर्ट ब्लेअरची बोट सकाळची धरा. दुपारची रद्द झाली तर दुसऱ्या दिवशीचं विमान गेलं म्हणून समजा.