देवकुंडला मावशीसकट एका दिवसात जाऊन यायचंय

साखरभात:
नमस्कार मंडळी. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आलीय आणि घरात ताम्हिणी घाटाखालच्या देवकुंड धबधब्याचं टुमणं लागलंय. कोथरूडहून निघणार, सातजण, दोन गाड्या. त्यात मावशी (वय ६१, रोज पर्वती चढते आणि ते दिवसातून तीनदा सांगते), भाचा (वय ११, एका जागी बसत नाही) आणि आमचे हे, ज्यांना पोहता येतं. म्हणजे सातवीत टिळक टँकवर शिकले होते, त्यानंतर पाण्याशी संबंध अंघोळीपुरता. बाकी आम्ही सगळे दगड. पण इन्स्टावर ते हिरवंनिळं पाणी बघितल्यापासून प्रत्येकाला डुंबायचंच आहे. किती वाजता निघावं? मावशीला झेपेल का? पाण्यात उतरणं कितपत बरं? डबा मी घरून नेणार आहे, तिथली मॅगी नको.

गुडघेदुखी:
ताई, आधी तो ऑगस्ट खोडा.

पावसाळ्यात देवकुंडला बंदी असते. पूर्वी १४४ कलमाखाली आदेश निघायचा, आता नव्या कायद्यात कलम १६३ आहे, एवढाच फरक. चाल सुरू होते त्या पाटणूस गावातूनच पोलीस परत पाठवतात. 'मागच्या वाटेने नेतो' म्हणणारा कुणीतरी भेटेलच, त्याच्या मागे जाऊ नका. भीती फक्त कुंडाची नाही, वाटेत ओढे ओलांडावे लागतात. सकाळी जाताना घोटाभर पाणी, दुपारी वर माथ्यावर पाऊस झाला की तोच ओढा कमरेच्या वर. तुम्ही पलीकडे, गाड्या अलीकडे. २०२४ च्या जुलैत, पुण्यात एकतानगरी पाण्याखाली गेली तेव्हा, ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिमी पडला होता. ते सगळं पाणी शेवटी कड्यावरूनच खाली येतं.

खरे महिने नोव्हेंबर ते जानेवारी. पाऊस थांबलेला, तरी धार चांगली जाड, पाणी निवळलेलं. तुमच्या फोटोतला तो रंग तेव्हाचाच. ऑगस्टात कुंड चहासारखं दिसतं. मार्चनंतर धार बारीक होते आणि ऊन असह्य. तिथेच पायथ्याच्या भिऱ्यात २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंशांची नोंद झाली होती. त्या आकड्यावर वादही झाला, पण मी एप्रिलात एकदा तिथे चाललोय, मला तो खोटा वाटत नाही.

पहाटे पाचला घर सोडा. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, मग ताम्हिणी उतरून विळ्याच्या बाजूला भिऱ्याचा फाटा. चहा धरून पाटणूसला आठ-साडेआठ. उशिरा आलेल्यांना गाइड वर नेत नाहीत, कारण अंधाराच्या आत सगळ्यांना खाली आणायचं असतं. एका बाजूची चाल साधारण सहा किलोमीटर. पहिला अर्धा भाग भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेने जवळजवळ सपाट, उघडा, उन्हाचा. मग झाडी लागते, ओढे लागतात आणि शेवटचा अर्धा-पाऊण तास दगडांतून चढ. पर्वतीवाल्या मावशीला चढ जड जाणार नाही. त्यांना त्रास झाला तर तो उतरताना, गुळगुळीत दगडांवर. (माझं इथलं नाव उगाच नाही.) पर्वतीला पायऱ्या आहेत, इथे नाहीत. काठी द्या, आणि चप्पल-सँडल नको, खाचांच्या तळव्याचे बूट हवेत.

आता पाणी. हे नीट वाचा आणि 'ह्यांना' मोठ्याने वाचून दाखवा. कुंडाचा काठ उथळ वाटतो, पण दोन-चार पावलांत तळ सुटतो. आत शेवाळलेले धोंडे आहेत, पाय कुठे जाईल कळत नाही. धारेखाली पाणी फेसाळ असतं. फेस म्हणजे निम्मी हवा, त्यात अंग तरंगत नाही, चांगला पोहणाराही खाली जातो. शिवाय पाणी डिसेंबरात इतकं गार की छातीत धस्स होतं. मी बत्तीस वर्षांचा असताना भरपेट पोळी-भाजी खाऊन उडी मारली होती. दहा हातांवर पोटरीत असा गोळा आला की ओरडायलाही सुचेना. काठावरच्या गावातल्या पोराने बांबू पुढे केला म्हणून आज टंकतोय. पोहणं टँकेतलं वेगळं, हे वेगळं.

माणगावकर:
वरच्या प्रतिसादाला दुजोरा. आमच्याकडून एक दोन गोष्टी. गाइड गावातलाच घ्या, पैसे आधी बोलून घ्या, आणि लाइफ जॅकेट मिळेल का ते फोनवरच विचारा. तिथे गेल्यावर 'आज संपली' ऐकायला नको. शनिवार-रविवार येऊ नका हो, कुंडापाशी पाय ठेवायला जागा नसते. आणि पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, तर सामान सोडा आणि वर चढा. नोव्हेंबरातसुद्धा अवकाळी येतो.

एक गंमत सांगतो. कोलाडला राफ्टिंग करणारे म्हणतात, 'आम्ही देवकुंडच्या पाण्यात होड्या चालवल्या.' तसं नाहीये. कुंडलिका नदीचा उगम देवकुंडाकडचा, खरं आहे, पण राफ्टिंगला लागणारं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं आणि ते मुळशी धरणाचं. म्हणजे जे मुळा नदीतून भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचं, ते टाटांनी डोंगरातून आमच्या बाजूला उतरवलं. ह्याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला, १९२१ साली. वाटेत मुळशीचा जलाशय दिसेल तेव्हा भाच्याला सांगा.

निळीशाई:
इतकी भीती घालायची गरज नाही असं मला वाटतं. आम्ही कॉलेजातले आठजण दोनदा पोहून आलो, काही झालं नाही.

गुडघेदुखी:
मीही बत्तीसाव्या वर्षापर्यंत हेच सांगत होतो.

साखरभात:
वाचून दाखवलं. हे गप्प झाले, मग म्हणाले, 'मी कुठे उडी मारणार होतो?' ऑगस्ट रद्द. मावशी रुसलीय, तिने नवीन बूट घेतले होते. डिसेंबरातला एखादा मंगळवार बघते. न पोहणाऱ्यांनी पाण्याची हौस कशी भागवायची तेवढं सांगा.

गुडघेदुखी:
कुंडाच्या खाली जिथून पाणी बाहेर पडतं, तिथे दगडांत गुडघाभर डबकी आहेत. तळ दिसतो, प्रवाह सौम्य. तिथे बसा. भाच्याला जॅकेट घालूनच, आणि एका माणसाचं काम फक्त त्याच्याकडे बघणं, फोटो काढणं नाही. कुंडात ऊन दुपारी थोडाच वेळ येतं, डुंबणं तेव्हाच उरका. जेवण नंतर. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दोनच्या आत परतीला लागा.

साखरभात:
धागा वर काढतेय. काल जाऊन आलो, मंगळवारच होता. कुंडापाशी आमच्याशिवाय पंधरा-वीस माणसं. चालायला आम्हाला पावणेतीन तास लागले. वाटेत कुठेतरी शीळकरी कस्तूर पक्षी गात होता, अगदी माणसाने शीळ घालावी तसा. भाच्याला वाटलं गाइडच घालतोय. मावशी सगळ्यांच्या पुढे. उतरताना मात्र खरंच तिची गाडी अडली, शेवटचे तीन दगड बसून उतरली आणि 'कुणाला सांगू नका' म्हणाली. सॉरी मावशी.

आमच्या ह्यांनी जॅकेट घातलं, छातीपर्यंत गेले, किंचाळले आणि बाहेर आले. एकूण दीड मिनिट. बाकीचे डबक्यांत तासभर बसलो, पाय बधिर होईस्तोवर.

डब्याचं सांगायचं राहिलं. दशम्या आणि चटणी पिशवीतून काढून दगडावर ठेवली आणि पाणी प्यायला वळले. माकड. दशम्या गेल्या, चटणी त्याला आवडली नाही. चार वाजता खालच्या टपरीवर सगळ्यांनी मॅगी खाल्ली, मीसुद्धा.

गाइडने मावशीला सांगितलंय की अंधारबनच्या जंगलातली वाट वरून उतरत भिऱ्यालाच येते. त्याचा वेगळा धागा काढते.